परवाना म्हणजे मालकी नव्हे

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी गेले असता बसस्थानकाजवळ डीटीपीची व फ्लेक्सची दोनचार दुकाने हमखास आढळतात. जयंतीचा फलक, वसतिगृहाचा वार्षिक अहवाल, पतसंस्थेचे पत्रक, लग्नपत्रिका, महिला मंडळाची पावतीपुस्तके ही सारी तेथेच तयार होतात. कारागीर संगणकासमोर बसतो, ‘कोरल’ उघडतो, त्यातील तयार चित्रांच्या संग्रहातून एखादे चक्र, कमळ, उघडे पुस्तक किंवा पेटती मशाल उचलतो, तिला निळा रंग देतो, भोवती संस्थेचे नाव वर्तुळाकार बसवितो, आणि दहा मिनिटांत एका संस्थेचे बोधचिन्ह जन्मास येते. चिटणीस पैसे चुकते करतात, आणि त्या दिवसापासून ते चिन्ह ‘आमचे’ झाले असे सर्वजण समजतात.

ते चिन्ह खरोखर त्यांचे झाले काय? या प्रश्नाचा विचार आपल्या संस्थाचालकांपैकी फार थोड्यांनी केला असेल. आमचे स्पष्ट मत असे की, ते चिन्ह त्यांचे झालेले नाही. त्यांना फार तर एका परक्या चित्राचा मर्यादित वापर करण्याची परवानगी मिळाली आहे, आणि पुष्कळदा तर तीही मिळालेली नाही. परवानगी आणि मालकी या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ज्यांस कळला नाही त्यांची संस्था कितीही जुनी व कितीही प्रामाणिक असली, तरी तिची ओळख उसन्या वस्तूवर उभी आहे असेच म्हणावे लागेल.

तयार चित्रांचा पूर्वेतिहास

तयार चित्रे वापरण्याची पद्धत संगणकाने निर्माण केलेली नाही. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी आपल्याकडील छापखान्यांत लग्नपत्रिकांसाठी कलश, सनई-चौघडा इत्यादी चित्रांचे ब्लॉक तयारच ठेवलेले असत. पाश्चात्य देशांत जाहिरातीची कामे करणारे लोक चित्रसंग्रहांच्या छापील पुस्तकांतून हवे ते चित्र कात्रीने कापून घेत व पानावर चिकटवीत. या कापण्याच्या क्रियेवरूनच ‘क्लिपआर्ट’ हा शब्द रूढ झाला. पुढे संगणक घरोघरी व दुकानोदुकानी आला, तेव्हा ही चित्रे कागदावरून संगणकात गेली. कॅनडातील ओटावा येथील कोरेल कंपनीने १९८९ साली कोरलड्रॉ हे चित्ररचनेचे सॉफ्टवेअर बाजारात आणले, आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांबरोबर सीडीवर हजारो तयार चित्रे मिळू लागली. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या ऑफिस या सॉफ्टवेअरबरोबर असाच मोठा संग्रह दिला होता. डिसेंबर २०१४ मध्ये तिने तो बंद केला व वापरणाऱ्यास बिंगच्या चित्रशोधाकडे वळविले.

हा शेवटचा बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्याचा अर्थ मोठा आहे. पूर्वी खोक्यातून आलेल्या चित्रांना निदान एका कंपनीचा एक परवाना तरी लागू होता. आता शोधपेटीत एक शब्द टाकताच हजार अनोळखी माणसांची हजार चित्रे पडद्यावर येतात. प्रत्येकाचा मालक निराळा आणि प्रत्येकाची अट निराळी. शोधयंत्र चित्र दाखविते, ते वापरण्याचा हक्क देत नाही. मायक्रोसॉफ्टने शोधात मुक्त परवान्याच्या चित्रांची चाळणी लावून दिली होती हे खरे. तथापि दुसऱ्याच्या हक्काचा मान राखण्याची जबाबदारी वापरणाऱ्याचीच आहे, हेही तिने सांगून ठेविले होते.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशातील कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. या कायद्यात ‘कलात्मक कृती’ची जी व्याख्या आहे ती ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्राच्या अंगी कलागुण असोत वा नसोत, ते कलात्मक कृतीच होय, असे ती सांगते. म्हणजे अजिंठ्याच्या तोडीचे चित्र असले तरच त्याला संरक्षण मिळते असे नव्हे. पेन्सिल हाती धरलेल्या मुलाचे साधे रेखाचित्रही तितकेच संरक्षित आहे. हा हक्क चित्र काढल्याबरोबर उत्पन्न होतो, त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षेपर्यंत तो चालू राहतो. मूळ कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती, ती १९९२ साली वाढविण्यात आली.

या बाबतीत आपल्या लोकांत काही भ्रम रूढ आहेत. चित्रावर कॉपीराइटची खूण नाही म्हणून ते मोकळे आहे, असे काहींस वाटते. परंतु खूण असणे ही हक्काची अट नव्हे. चित्र परदेशी आहे, त्याचा मालक येथवर कशाला येईल, असे काही म्हणतात. परंतु भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य आहे, आणि त्या करारातील देशांच्या कृतींस आपल्या न्यायालयांत आपल्याच कृतींसारखे संरक्षण मिळते. रंग बदलला, चित्र उलटे केले, दोन पाकळ्या वाढविल्या म्हणजे ते नवे झाले, ही समजूत तर सर्वांत अधिक पसरलेली आहे. मूळ चित्राचा महत्त्वाचा भाग जोवर ओळखू येतो तोवर ती नक्कलच होय. संगणकावर एखाद्या चित्रावरून रेघा ओढून ‘ट्रेस’ करणाऱ्या कारागिरास श्रम पडतात. पण केवळ श्रमाने मूळ चित्र त्याच्या मालकीचे होत नाही.

याबरोबरच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कल्पनेवर कोणाचीही मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. चक्र काढावे, कमळ काढावे, पुस्तकातून सूर्य उगवताना दाखवावा, या कल्पना सर्वांच्या आहेत. मालकी असते ती अमुक एका हाताने काढलेल्या अमुक एका चक्राची. म्हणून दुसऱ्याचे चक्र उचलण्याची आपल्याला मुळीच गरज नाही. आपले चक्र आपण काढावे, त्यास कोणीही हरकत घेऊ शकत नाही.

परवान्याची मर्यादा

आता सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यास काय मिळते ते पाहू. पाकीट फोडताना किंवा सॉफ्टवेअर संगणकात भरताना पडद्यावर एक लांबलचक करार येतो, आणि ‘मान्य आहे’ यावर बोट ठेवून आपण पुढे जातो. तो करार वाचणारा मनुष्य विरळाच. कोरलड्रॉच्या अनेक आवृत्त्यांबरोबर आलेल्या परवान्यात तयार चित्रे वापरण्यास, त्यांत फेरफार करण्यास व ती आपल्या कामात छापण्यास मुभा दिलेली होती. परंतु त्याच परवान्यात असेही सांगितले होते की, ही चित्रे किंवा त्यांचा कोणताही भाग व्यापारचिन्ह वा सेवाचिन्ह म्हणून वापरता येणार नाही, त्यांवर कोणत्याही प्रकारचा मालकीहक्क सांगता येणार नाही, आणि ती भाड्याने वा उसनी देता येणार नाहीत. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र असल्यास, तिचा एखाद्या मालाला पाठिंबा आहे असे भासेल अशा रीतीने ते वापरण्यास मनाई होती. मायक्रोसॉफ्टच्या अटीही जवळपास अशाच होत्या. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या आणि आज आपल्या तरुणांच्या मोबाईलवर सर्रास दिसणाऱ्या कॅनव्हाच्या अटींतही, त्यातील तयार चित्रे घालून केलेले बोधचिन्ह आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदविता येत नाही.

या अटींत अन्याय्य असे काही नाही. जे चित्र कंपनीने लाखो ग्राहकांस वापरावयास दिले, ते एका ग्राहकाने ‘माझे’ म्हणून अडकवून ठेवले तर बाकीच्यांचे काय होईल? एकाच वस्तूचा वापर पुष्कळांस करता यावा म्हणूनच ती कोणा एकाच्या मालकीची होऊ दिलेली नाही. सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्याचा हक्क प्रत्येकास असतो. म्हणून कोणी तेथे आपल्या नावाची पाटी लावू शकत नाही. फरक इतकाच की, येथील पाणवठा खासगी आहे आणि आत जाण्याचा परवाना त्याच्या मालकाने दिलेला आहे.

आणि तो परवानाच ज्यांच्यापाशी नाही त्यांचे काय? पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअरची चोरटी प्रत, जिला दुकानांत ‘क्रॅक’ म्हणतात, ती वापरली जाते हे उघड गुपित आहे. अशा प्रतीबरोबर कोणताही परवाना येत नाही. मग तिच्यातील चित्रांचा परवाना कोठून येणार? सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा १९५७ च्या कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे स्वतंत्र गुन्हा असून, त्यास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पण फ्लेक्सच्या दुकानाचा वापर हा धंद्याचाच वापर होय. कॉपीराइटचा भंग जाणूनबुजून केल्यास कलम ६३ प्रमाणे सहा महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरविले आहे. दुकानात राबणारा पोरगा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. मालक बाजूला राहून त्याच्या संगणकावर पंचनामा होऊ नये, एवढ्यासाठी तरी ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

बोधचिन्हाचा प्रश्न

जयंतीच्या फलकावर किंवा लग्नपत्रिकेवर रीतसर परवान्याचे तयार चित्र घातले तर त्यात काही वावगे नाही. फलक आठ दिवसांनी उतरतो आणि पत्रिका महिन्याभरात रद्दीत जाते. बोधचिन्हाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते संस्थेचे नाव ज्यांस वाचता येत नाही अशा वृद्ध मातेलाही ओळखू येते. पावतीवर ते पाहून ती आपल्या पदराच्या गाठीतले दहा रुपये सोडते. त्या चिन्हावर तिचा विश्वास असतो.

समजा, उद्या कोणी तेच चक्र, तोच निळा रंग आणि नावात एका अक्षराचा फरक करून पावतीपुस्तके छापली व वर्गणी गोळा करावयास सुरुवात केली. मूळ संस्था न्यायालयात कशाच्या जोरावर उभी राहणार? नावाच्या व लौकिकाच्या आधारावर ती भांडू शकेल. परंतु चित्र आमचे आहे असे तिला शपथेवर म्हणता येणार नाही, कारण तेच चित्र त्या दुसऱ्या इसमानेही त्याच सीडीतून घेतलेले असेल. संस्थेत फूट पडली, दोन गटांनी एकाच चिन्हावर दावा सांगितला, असे प्रसंग आपल्याला अपरिचित नाहीत. अशा वेळी दोन्ही गट ज्या चिन्हासाठी भांडतात ते दोघांचेही नसावे, याहून दुःखद विनोद कोणता? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ११ मध्ये असेही आहे की, ज्या चिन्हाचा वापर कॉपीराइटच्या कायद्याने रोखला जाऊ शकतो त्या चिन्हाच्या नोंदणीस हरकत घेता येते. म्हणजे नोंदणी करून आपली बाजू भक्कम करावी म्हटले तर तो मार्गही निर्धोक राहत नाही.

चक्राच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या कायद्याप्रमाणे, राष्ट्रध्वजात व सरकारी मुद्रेत वापरलेल्या अशोकचक्राची आकृती केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापार-व्यवसायासाठी किंवा व्यापारचिन्हात वापरता येत नाही. सिंहमुद्रेचे संरक्षण २००५ सालच्या कायद्याने आणखी कडक केले आहे. तयार चित्रांच्या संग्रहात ही चिन्हे सापडतात. परंतु संग्रह करणाऱ्याने ती घातली म्हणून ती वापरण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. जे देण्याचा अधिकार कंपनीलाच नाही, ते ती आपल्याला कसे देणार?

दोन खटल्यांचा बोध

कंपनी जे देते त्यावर तिचाच निर्विवाद हक्क असतो असे समजण्याचेही कारण नाही. कोरेल कंपनीवर स्वतःवरच आलेले दोन प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिला प्रसंग हेडी लमार यांचा. त्या जुन्या काळच्या प्रसिद्ध अभिनेत्री, आणि बिनतारी संदेश सुरक्षित ठेवण्याच्या एका शोधाचे १९४२ चे पेटंटही त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्याच्या नावे आहे. कोरेलने घेतलेल्या चित्रस्पर्धेत १९९६ साली एका चित्रकाराने संगणकावर काढलेल्या त्यांच्या मुखचित्रास पारितोषिक मिळाले, आणि कंपनीने ते चित्र १९९७ च्या कोरलड्रॉ ८ च्या खोक्यावर छापले. चित्रकाराने चित्र काढले होते, कंपनीने ते रीतसर मिळविले होते. परंतु ज्यांचा चेहरा होता त्यांस कोणी विचारले नव्हते. वयोवृद्ध लमार यांनी १९९८ साली दावा लावला आणि अखेर कंपनीस त्यांच्याशी तडजोड करावी लागली. बोध हा की, चित्रावरील हक्क आणि चेहऱ्यावरील हक्क या दोन गोष्टी आहेत. एक मिळाला म्हणून दुसरा मिळत नाही. शाळेच्या पत्रकावर कोणत्याही अनोळखी मुलीचे छायाचित्र उचलून छापणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरा प्रसंग ब्रिजमन आर्ट लायब्ररीच्या दाव्याचा. युरोपातील जुन्या श्रेष्ठ चित्रकारांच्या चित्रांची छायाचित्रे कोरेलने एका सीडीवर विकली; ती आमच्या छायाचित्रांवरून घेतली आहेत, असे ब्रिजमनचे म्हणणे होते. न्यूयॉर्क येथील न्यायालयाने १९९८ साली, आणि फेरविचारानंतर १९९९ साली, असा निर्णय दिला की, ज्या चित्राचा कॉपीराइट संपला आहे त्याची हुबेहूब छायाप्रत काढल्याने नवा कॉपीराइट उत्पन्न होत नाही. हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तथापि ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली जे म्हटले त्याचा रोखही त्याच दिशेचा आहे. केवळ श्रम व पैसा खर्च केला म्हणून कृती मूळची ठरत नाही; तीत थोडी तरी निर्मितिक्षमता दिसली पाहिजे.

यातून आपल्याला फार मोठा दिलासा मिळतो. कार्ले, कान्हेरी, अजिंठा येथील शिल्पे दोन-दोन हजार किंवा दीडदीड हजार वर्षांची आहेत. त्यांवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. आपल्या चित्रकाराने तेथे जावे, शिल्पासमोर बसावे आणि आपल्या हाताने चित्र काढावे. ते चित्र त्याचे स्वतःचे होईल. ज्यांच्या दाराशी हा ठेवा आहे त्यांनी ओटावाच्या सीडीतले कमळ शोधीत बसावे, हे अजबच नव्हे काय?

‘आम्हांला कोण विचारतो?’

कोणी म्हणेल की, आमची संस्था गरीब, आमचा फलक दहा फुटांचा. आम्हांवर खटला कोण भरणार? व्यवहारात हे पुष्कळदा खरे ठरेल. परंतु पकडले जाण्याच्या भीतीवरच आपण आपले वर्तन ठरविणार आहोत काय? हक्क ही वस्तू आपण कोणाच्या मेहेरबानीने मिळविलेली नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी असो की शाळेचा बाक असो, ‘कायद्याने आमचे आहे’ असे सांगून आपण भांडलो. जो समाज आपला हक्क कायद्याच्या शब्दावर मागतो, त्याने दुसऱ्याचा हक्क कायद्याच्या शब्दावरच मानला पाहिजे. न दिलेले घेऊ नये हे शील आपण प्रत्येक समारंभाच्या आरंभी म्हणतो, आणि त्याच समारंभाचा फलक दुसऱ्याच्या न विचारता घेतलेल्या चित्राने नटवितो, ही विसंगती कोणाच्याही लक्षात येऊ नये याचे आश्चर्य वाटते.

शिवाय हा दुसरा नेहमी परदेशातील धनिक कंपनीच असतो असे नाही. दरवर्षी १४ एप्रिलला व ६ डिसेंबरला जे फलक लागतात त्यांकडे जरा निरखून पाहावे. बाबासाहेबांचे एखादे सुंदर रंगचित्र शेकडो फलकांवर दिसते. ते आपल्यातीलच कोणा चित्रकाराने रात्री जागून काढलेले असते. त्याने ते प्रेमाने लोकांस पाहावयास ठेवले, आणि कोणीतरी त्यावरील त्याची सही पुसून, पार्श्वभूमी कापून ते पेनड्राइव्हवर फिरविले. खाली दहा शुभेच्छुकांची नावे व छायाचित्रे असतात; चित्रकाराचे नाव मात्र कोठेच नसते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमावर दुसऱ्यांनी नाव लावले, त्यांनी आपल्याच भावाच्या श्रमास निनावी करावे काय?

येथेही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निर्वाण १९५६ साली झाले; म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या त्यांच्या लेखनाचा कॉपीराइट २०१६ च्या अखेरीस संपला आणि १ जानेवारी २०१७ पासून ते लेखन कोणालाही छापता येते. याचा अर्थ त्यांची सगळी चित्रेही मोकळी झाली असा काहीजण करतात. तो चुकीचा आहे. चित्राची मुदत चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजावयाची असते, ज्यांचे चित्र आहे त्यांच्या निर्वाणापासून नव्हे. आज हयात असलेल्या चित्रकाराने काढलेल्या चित्रावर त्याचा हक्क पुरता जिवंत आहे.

चित्रकाराचा हक्क

आता स्वतःचे बोधचिन्ह करवून घ्यावयाचे ठरविले, तर पैसे दिले म्हणजे काम झाले असे समजू नये. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, निराळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र वा व्यक्तिचित्र यांचीही मालकी, निराळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जाते. परंतु बाहेरच्या चित्रकाराकडून करवून घेतलेली इतर रेखाटने, संगणकावरील रचना इत्यादींचा पहिला मालक सामान्यतः तो चित्रकारच राहतो. ती मालकी संस्थेकडे यावयाची तर कलम १९ प्रमाणे लेखी अभिहस्तांतरण हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते केवळ ५ वर्षांचे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते केवळ भारतापुरते समजले जाते. एका ओळीच्या आळसाने पाच वर्षांनंतर संस्थेचे चिन्ह पुन्हा परके होऊ शकते, हे किती जणांस ठाऊक आहे?

हक्क विकल्यानंतरही कलम ५७ प्रमाणे चित्रकाराजवळ एक गोष्ट शिल्लक राहते. कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची नामुष्की होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क त्याचा असतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडविलेले भव्य कांस्यशिल्प १९७९ साली काढून कोठारात टाकण्यात आले व त्याचे तुकडे झाले. शिल्प सरकारने पैसे देऊन घेतले होते. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पाचे अवशेष सेहगल यांस परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम सरकारला दिला. जे केंद्र सरकारला लागू, ते आपल्या मंडळासही लागू आहे.

काय केले पाहिजे

आमच्या मते प्रत्येक संस्थेने प्रथम आपल्या बोधचिन्हाची चौकशी करावी. ते कोणी काढले, कोठून घेतले, त्याचा कागद कोठे आहे? उत्तर मिळाले नाही किंवा ते तयार चित्र निघाले, तर पुढील वर्धापनदिनापर्यंत नवे चिन्ह करवून घ्यावे. आपल्या वस्त्यांत कलाशिक्षण घेतलेली मुले-मुली आहेत. त्यांस फुकट नव्हे तर योग्य मोबदला देऊन काम सांगावे. एका पानाचा लेखी करार करावा. त्यात चित्राचे वर्णन, मोबदला, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व सर्व जगासाठी हक्क संस्थेस दिल्याचा उल्लेख, आणि चित्र आपण स्वतः काढले असून कोठूनही उचललेले नाही असे चित्रकाराचे वचन असावे. अहवालात चित्रकाराचे नाव छापावे.

रोजच्या फलक-पत्रकांसाठी तयार चित्रे लागणारच. त्यांसाठी सॉफ्टवेअर रीतसर घ्यावे आणि त्याची पावती व परवाना जपून ठेवावा. ते परवडत नसेल तर इंकस्केपसारखे मोफत व मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. २००४ साली सुरू झालेल्या ओपनक्लिपआर्ट या संग्रहात चित्रकारांनी आपण होऊन हक्क सोडलेली चित्रे एकत्र केली गेली आहेत. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवानेही समजून घ्यावेत. त्यांतील काहींत चित्रकाराचे नाव द्यावे लागते, काहींत धंद्यासाठी वापर वर्ज्य असतो, तर काहींत फेरफार चालत नाही. मात्र हेही विसरू नये की, सर्वांसाठी मोकळे असलेले चित्र बोधचिन्ह म्हणून घेतले तर ते सर्वांसाठी मोकळेच राहील. आपण ते वापरू शकू, इतरांस त्यापासून रोखू शकणार नाही.

दुकानातील कारागीर बंधूंनाही आमचे सांगणे आहे. गिऱ्हाईकाने शोधयंत्रातून काढलेले चित्र आणून दिले, तर ‘हे कोणाचे आहे?’ एवढा एक प्रश्न त्यास विचारा. कॉपीराइट आहे हे ठाऊक नव्हते व तसा संशय येण्यास कारणही नव्हते असे सिद्ध करणाऱ्यास दिवाणी कायदा काहीशी सवलत देतो. परंतु रोज चित्रांचाच धंदा करणाऱ्याने ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणावे, यावर कोणते न्यायालय विश्वास ठेवील?

बंधुभगिनींनो, आपल्या संस्था वर्गणीच्या पैशांवर उभ्या राहिल्या. त्यांची इमारत कोणाच्या जागेवर आहे, सातबारा कोणाच्या नावे आहे, याची आपण दहा वेळा खात्री करून घेतो, कारण परक्या जागेवरचे घर एक दिवस सोडावे लागते हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. तीच खात्री आपण आपल्या चिन्हाविषयी करून घेतली पाहिजे. येत्या कार्यकारिणीच्या सभेत हा विषय घ्यावा, चिन्हाचा कागद टेबलावर मागावा, आणि तो नसेल तर ते चिन्ह नव्याने काढण्याचे काम आपल्याच एखाद्या होतकरू चित्रकाराकडे, त्याचे नाव व मोबदला राखून, सोपवावे.